शिशाची मोजपट्टी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतून गुणवंतांच्या सत्काराची लगबग सुरू होते. रविवारच्या मिस्सानंतर मुलामुलींना पुढे बोलाविले जाते, प्रमाणपत्र व पुष्पगुच्छ दिला जातो, टाळ्या पडतात. हा सोहळा स्तुत्य आहे आणि तो व्हावयासच हवा. वाडीत राबणाऱ्या व समुद्रावर जाणाऱ्या पूर्वजांची नातवंडे आज बँकांतून, इस्पितळांतून व महाविद्यालयांतून मानाने वावरतात ती शिक्षणाच्याच बळावर. तथापि टाळ्यांचा आवाज विरल्यानंतर एक प्रश्न आमच्या मनात रेंगाळत राहतो. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याचे पाय त्याला वर्गापर्यंत नेत नाहीत, बुद्धीत काहीही उणे नसताना ज्याला छापील ओळ वाचणे डोंगर चढण्याइतके कष्टाचे जाते, अथवा ज्याची समज आपल्या संथ गतीने चालते, अशी मुले प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांचा बाप्तिस्मा व दृढीकरण आपल्याच मंदिरात झालेले असते. शाळेच्या गणवेशातही ती काही वर्षे आपल्याला दिसतात. अठराव्या वर्षानंतर मात्र ती कोठे जातात?

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर एकच मिळते: घरी. दारातल्या खुर्चीवर, दूरदर्शन संचापुढे, आईच्या नजरेखाली. त्यांना कोणी छळत नाही. किंबहुना सर्व जण त्यांच्याशी मायेनेच वागतात. परंतु विद्यार्थी म्हणून त्यांचे आयुष्य तेथे संपलेले असते, आणि ते संपले याची खंत बाळगण्याचेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

आम्ही हा विषय नीतिशास्त्रातील एक प्रश्न म्हणून वाचकांपुढे ठेवू इच्छितो. महाविद्यालयाने अशा विद्यार्थ्यासाठी आपली इमारत, आपली पुस्तके, आपल्या परीक्षेची वेळ व आपले नियम बदलणे हे औदार्य आहे की ऋणफेड? औदार्य असेल तर ते करणाऱ्याचे आभार मानावेत आणि न करणाऱ्याविषयी मौन पाळावे. परंतु ते ऋण असेल तर ते कोणाचे, कोणाला देणे आहे आणि ते न फेडल्यास दोषी कोण, हे विचारणे भाग पडते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के व्यक्ती निरक्षर होत्या. पदवी किंवा त्यापुढील शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण होते अवघे ५ टक्के. ही परिस्थिती कायद्याच्या अभावी ओढवली असे म्हणता येणार नाही. १९९५ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित शिक्षण संस्थांतून ३ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्याच्या जागी २०१६ साली नवा कायदा संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात ते एकवीस झाले. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. शासकीय व शासनाचे अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखाव्यात आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत त्यांना पाच वर्षांची सूट द्यावी, असे हा कायदा सांगतो. त्याच वर्षी, म्हणजे डिसेंबर २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचे पालन करण्याविषयी सर्व संबंधित संस्थांना बजावले.

तरीही या कायद्यातच एक सूक्ष्म फरक आहे आणि तो विचार करण्याजोगा आहे. सहा ते अठरा वर्षे वयाच्या अपंग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा पूर्ण झाल्यावर त्याच्या हाती उरते ती एका राखीव जागेची शक्यता. हक्काचा रस्ता अठराव्या वर्षापाशी अरुंद होतो, आणि नेमके तेथेच घरच्यांचे बळही संपत आलेले असते.

आता शब्दांविषयी थोडेसे. पूर्वी आपण 'अपंग' म्हणत असू, मग 'विकलांग' म्हणू लागलो, अलीकडे शासकीय कागदपत्रांतून 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सौम्य व्हावेत हे योग्यच. परंतु या सर्व काळात एक शब्द मात्र जसाच्या तसा राहिला, तो म्हणजे 'सवलत'. परीक्षेत अधिक वेळ मिळाला की सवलत, लेखनिक मिळाला की सवलत, तळमजल्यावर बैठक व्यवस्था झाली की तीही सवलत. मराठी माणसाला सवलत म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. दिवाळीत कापडाच्या दुकानात मिळते ती सवलत: वस्तू तीच, दाम कमी. तेव्हा अंध विद्यार्थ्याला लेखनिकाची 'सवलत' मिळाली असे आपण म्हणतो तेव्हा, त्याने पदवीचे दाम कमी मोजले असा अर्थ नकळत आपल्या मनात उतरतो. वस्तुतः त्याचा अभ्यासक्रम तोच असतो, प्रश्नपत्रिका तीच असते, तपासणारे परीक्षकही तेच असतात. कमी झालेले असते ते काय? आम्हांला वाटते, आपण स्वतःच वाटेत ठेवलेला एक धोंडा, एवढेच.

हे अधिक नेमके समजून घेण्यासाठी एका फार जुन्या दाखल्याचा आधार घेऊ. न्यायाचे विवेचन करताना ॲरिस्टॉटल लेस्बॉस बेटावरील बांधकामाचा उल्लेख करतो. तेथील कारागीर शिशाची मोजपट्टी वापरीत. लोखंडी किंवा लाकडी पट्टी सरळ असते. वेड्यावाकड्या दगडावर ती ठेवली तर दोहोंमध्ये फट राहते आणि माप चुकते. शिशाची पट्टी मऊ असल्यामुळे दगडाच्या आकारानुसार वळते व त्याच्या अंगाला बिलगून त्याचे खरे माप घेते. कायद्याचेही असेच आहे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. कायदा सर्वांसाठी सरसकट लिहिलेला असतो. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेहमीचा माणूस असतो. ज्याची परिस्थिती नेहमीची नाही त्याला तो कायदा जसाच्या तसा लावल्यास न्यायाच्या नावाखाली अन्याय घडतो. अशा वेळी कायद्यामागील हेतू ध्यानात घेऊन तो वळविणे यालाच त्याने श्रेष्ठ प्रतीचा न्याय मानले. संत थॉमस अक्विनास यांनी हाच विचार पुढे नेला आणि या वृत्तीला सद्‌गुण म्हटले. ध्यानात घ्यावे की त्यांनी तिचे विवेचन न्यायाच्या प्रकरणात केले आहे, दानधर्माच्या नव्हे.

या दाखल्यातील मर्म असे की पट्टी वळते, पण तिच्यावरील इंच लहान-मोठे होत नाहीत. इतिहासाच्या पेपरात विद्यार्थ्याला इतिहास किती समजला हे मोजावयाचे असते. तीन तासांत हात किती वेगाने चालतो हे मोजणे हा त्या परीक्षेचा हेतू कधीच नव्हता. तो वेग नेहमीच्या विद्यार्थ्यापाशी असतोच म्हणून कोणी त्याचा वेगळा विचार केला नाही, इतकेच. ज्याच्या हाताला कंप आहे, किंवा डिसग्राफियामुळे ज्याला लिहिणेच अवघड जाते, त्याला तीन तासांत बसवून आपण इतिहास मोजत नाही, हात मोजतो. २०१८ साली केंद्र शासनाने लेखी परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दर तासामागे किमान वीस मिनिटे भरपाईचा वेळ देण्यास सांगितले. तेथे 'भरपाई' हा शब्द आहे. जे हिरावले गेले ते परत करणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

पट्टीवरील इंच बदलू नयेत ही मर्यादाही तितकीच खरी आहे. लघुलेखनाच्या परीक्षेत वेग हाच कौशल्याचा भाग असतो. तेथे वेळ वाढवून मागता येणार नाही. भाषेच्या परीक्षेत लेखनिकाने आपल्या पदरची वाक्ये घातली तर ती परीक्षा त्या विद्यार्थ्याची राहत नाही. तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमापुढे प्रामाणिकपणे एक प्रश्न ठेवावा लागतो: या शिक्षणाचा गाभा कोणता आणि त्याच्याभोवतीची केवळ वहिवाट कोणती? गाभा जपावा, वहिवाट सोडावी. आपल्या संस्थांतून हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. 'आजवर असेच चालत आले आहे' या वाक्यात गाभा आणि वहिवाट दोन्ही एकत्र बांधून टाकले जातात.

याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. आंध्र प्रदेशातील श्रीकांत बोल्ला हे जन्मतः अंध. दहावीनंतर त्यांना विज्ञान शाखेत प्रवेश नाकारण्यात आला. न्यायालयात जाऊन त्यांना तो मिळवावा लागला. पुढे अमेरिकेतील विख्यात एमआयटीमध्ये शिकून ते परतले व २०१२ साली त्यांनी स्वतःचा उद्योग उभारला. त्यांच्यावरील 'श्रीकांत' हा चित्रपट २०२४ साली अनेकांनी पाहिला असेल. परंतु अशा कथांनी भारावून जाण्यात एक धोकाही आहे. ज्याच्यापाशी असामान्य जिद्द आहे तो भिंत फोडून आत येतो, आपण टाळ्या वाजवितो आणि भिंत तशीच ठेवतो. साधारण कुवतीच्या, बावन्न टक्के मिळविणाऱ्या मुलाला शेजारचा डोळस मुलगा ज्या सहजतेने बी.कॉम.ला प्रवेश घेतो त्याच सहजतेने प्रवेश मिळतो का, ही खरी कसोटी होय. असामान्य असल्याखेरीज ज्याला शिकता येत नाही त्याला शिक्षणाचे दार उघडे आहे असे म्हणता येणार नाही.

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात. ते उडवून लावण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप पालकांचा. 'आमच्या मुलाने रात्रीचा दिवस केला, एका गुणाने जागा हुकली, आणि कमी गुण असलेल्याला ती मिळाली. यात आमच्या मुलाचा काय दोष?' दोष काहीच नाही, हे मान्य केले पाहिजे. राखीव जागेमुळे कोणाला तरी काहीतरी गमवावे लागते हे सत्य आहे, आणि न्याय कोणालाही तोशीस न लावता करता येतो असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तोशीस आजवर कोणी सोसली तेही पाहावे. शंभरांपैकी पाच जागा बाजूला ठेवल्याने जे नुकसान अनेकांत थोडे थोडे वाटले जाते, तेच नुकसान आधी पिढ्यान्पिढ्या एकाच बाजूने संपूर्णपणे सोसले आणि त्याची तक्रारही कोणाच्या कानी गेली नाही. शिवाय गुणांचा जो आकडा आपण गुणवत्ता म्हणून पुढे ठेवतो तो शिकवणी, पुस्तके, दिसणारा फळा व ऐकू येणारे शिक्षक यांच्या बळावर उभा असतो. ज्याला यांपैकी काहीच मिळाले नाही त्याचा कमी आकडा त्याच्या बुद्धीविषयी फार थोडे सांगतो.

दुसरा आक्षेप दर्जाचा. डॉक्टर, अभियंता, शिक्षक घडविताना तडजोड कशी करावी? रुग्णाच्या जिवाशी खेळ होऊ नये, हे उघड आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला. बोलण्यात दोष असलेल्या एका विद्यार्थ्याला, अपंगत्वाची टक्केवारी ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आहे एवढ्याच कारणावरून वैद्यकीय अभ्यासक्रमास अपात्र ठरविण्यात आले होते. न्यायालयाने वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवून घेतली. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल असा अभिप्राय आला आणि त्याला प्रवेश मिळाला. न्यायालयाचे म्हणणे असे की केवळ आकड्यावरून कोणाला बाद करू नये, तो विद्यार्थी ते काम प्रत्यक्षात करू शकेल की नाही हे पाहावे. येथे दर्जाला कोठेही धक्का लागलेला नाही. माणसाकडे पाहण्याऐवजी प्रमाणपत्राकडे पाहण्याची सोय तेवढी काढून घेतली गेली.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. खोटी प्रमाणपत्रे काढून राखीव जागा लाटणारे आहेत. तो अपराध आहे, आणि गोरगरिबांच्या तोंडचा घास पळविण्याइतका तो हीन आहे. त्यावर उपाय कडक तपासणीचा. पण खोटे नाणे बाजारात आले म्हणून कोणी खरे नाणे घेण्याचे थांबवीत नाही. लबाडांच्या धास्तीने खऱ्या गरजवंताला पाच पाच वेळा प्रमाणपत्रासाठी खेटे घालायला लावणे म्हणजे चोराची शिक्षा सावाला देणे होय.

चौथा आक्षेप संस्थाचालकांचा, आणि तो आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. 'आमच्याकडे असा विद्यार्थीच येत नाही, मग उतार बांधावा कोणासाठी?' विद्यार्थी येत नाही म्हणून उतार नाही, आणि उतार नाही म्हणून विद्यार्थी येत नाही. हे चक्र कोणी प्रथम थांबवावे? ज्याच्या हाती सिमेंट आहे त्याने. अनेक महाविद्यालयांतून उद्‌वाहन असते, पण त्यावर 'फक्त प्राध्यापकांसाठी' अशी पाटी असते. ती पाटी काढावयास एक पैसाही लागत नाही.

या शेवटच्या आक्षेपाशी आपला, म्हणजे ख्रिस्तसभेचा, निकटचा संबंध आहे, कारण देशभर कितीतरी महाविद्यालये आपण चालवितो आणि त्यांतील अनेक अनुदानित आहेत. आपल्यामागे एक परंपराही आहे. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली व त्यांच्या खुणांना भाषेचा मान दिला. त्याच नगरीतील अंधांच्या शाळेत लुई ब्रेल शिकला, तेथेच शिक्षक झाला, आणि १८२९ साली त्याने आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवीत असे. आपल्या मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बिशप लिओ मेरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांची शाळा सुरू झाली, ती भारतातील अशा शाळांपैकी अगदी आरंभीची. तथापि ही परंपरा मुख्यत्वे शाळेची आहे. शाळेच्या पुढच्या पायरीवर आपण बराच काळ थबकलो.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने ही पायरी चढण्याचा एक मार्ग दाखवून दिला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या या महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीनांसाठी एक साधन केंद्र सुरू झाले. छापील पुस्तके संगणकावर वाचता येतील अशा रूपात आणणे, पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली वापरावयास शिकविणे, ही त्याची मूळ कामे. काम करता करता केंद्राच्या ध्यानात आले की अडचण एका महाविद्यालयाची नाही, कायद्याची आहे. पुस्तक अंधांना वाचता येईल अशा रूपात आणावयाचे तर प्रकाशकाची परवानगी लागे. अनेक संस्थांसह या केंद्रानेही त्यासाठी आवाज उठविला आणि २०१२ साली आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. पुढच्याच वर्षी माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, व जून २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश होण्याचा मान भारताला मिळाला. एका वाचनकक्षातून निघालेली वाट किती दूर जाऊ शकते, हे यावरून दिसते.

परंतु मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापर्यंत ही वाट अजून पुरती पोहोचलेली नाही. इंग्रजी पुस्तक संगणक सहज वाचून दाखवितो. मराठीतील असंख्य पुस्तके व प्राध्यापकांच्या टिपणवह्या मात्र अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत की डोळसाला पडद्यावर सुंदर देवनागरी दिसते आणि वाचक प्रणालीला तेथे निरर्थक चिन्हांचा ढीग लागतो. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीने तोच मजकूर टंकला तर संगणक तो वाचू शकतो. येथे ना मोठा खर्च आहे ना मोठे तंत्रज्ञान. तरीही अंध विद्यार्थ्याचा मराठीचा पेपर इंग्रजीच्या पेपराहून अवघड ठरतो, तोही त्याच्या मातृभाषेत! असे धोंडे कोणी द्वेषाने ठेवीत नाही. ते आहेत हेच आपल्याला दिसत नाही.

येथवर आम्ही ज्यांचे बोललो ते योग्य साधन मिळाल्यास पदवीपर्यंत जाऊ शकणारे विद्यार्थी. पण ज्यांची समजच संथ आहे, ज्यांना पदवीच्या परीक्षेचा गाभा कोणत्याही साधनाने गाठता येणार नाही, त्यांचे काय? शिशाच्या पट्टीचा दाखला येथे अपुरा पडतो, हे मान्य करावयास हवे, कारण प्रश्न मापाचा राहत नाही. प्रश्न उरतो तो असा की, शिक्षण हे मापण्यासाठीच असते काय?

आपल्याकडे शिक्षणाचा अर्थ हळूहळू 'नोकरीचे तिकीट' इतकाच होऊन बसला आहे. तो अर्थ धरला तर बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला अठराव्या वर्षानंतर शिकविण्यात काही हशील नाही असेच उत्तर येईल. परंतु ज्ञान हे मनुष्याच्या मोठेपणाचे अंग आहे, नवे काही कळल्यावर होणारा आनंद हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे, असे आपण मानत असू, तर हा आनंद अमुक बुद्ध्यंकाच्या वर असलेल्यांनीच घ्यावा असे म्हणता येत नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९८७ पासून अशा तरुणांना इतर विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसता येते; डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजमध्ये त्यांच्यासाठी दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्यांना इतरांसारखी पदवी मिळत नाही आणि ती मिळाल्याचा देखावाही केला जात नाही. त्यांना मिळते ते समवयस्कांचे सान्निध्य, ग्रंथालयाची वाट, वेळापत्रक पाळण्याची सवय, आणि 'मी कॉलेजात जातो' असे सांगताना ताठ होणारी मान. विसाव्या वर्षी प्रत्येक तरुणाला जे हवे असते तेच हे आहे. आपल्या महाविद्यालयांतून संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या वर्गखोल्यांत असे काही घडू शकणार नाही काय?

आता आपल्या घराकडे वळू, कारण सर्वांत आधी बंद होणारे दार महाविद्यालयाचे नसते. बहुतेक ठिकाणी प्रवेश अर्ज नाकारला जात नाही. तो भरलाच जात नाही. वाडीचा तुकडा विकून आलेल्या पैशांतून धाकट्याचे अभियांत्रिकीचे शुल्क भरले जाते आणि थोरल्याच्या नावे बँकेत ठेव ठेवली जाते. या ठेवीमागे केवढी चिंता असते! 'आमच्या पश्चात याचे काय होणार?' या एका प्रश्नाने कितीतरी आईवडिलांची झोप उडविली आहे, हे आम्ही जाणतो. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु एवढे नम्रपणे विचारावेसे वाटते: आपल्या पश्चात त्याला जगवील ती बँकेतील रक्कम की त्याची स्वतःची ओळख, मित्र, हातातील कसब आणि एकट्याने लोकलने जाण्याचा धीर? ठेव जरूर ठेवावी. पण तिच्यापायी त्याचे शिकणे थांबवू नये. आणि ते मूल मुलगी असेल तर दोन दारे एकाच वेळी बंद होतात, हेही विसरू नये.

अर्थात आईवडिलांनी सारे एकट्याने पेलावे असे म्हणणे हाही अन्यायच. शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाची कथा आपण सर्व जाणतो. चौघांनी त्याला खाटेसह आणले, दारातून आत जाता येईना, तेव्हा त्यांनी छप्पर उघडून त्याला प्रभू येशूपुढे उतरविले. आपले लक्ष नेहमी त्या चौघांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण दार अडवून कोण उभे होते? प्रभूचे वचन ऐकावयास आलेली भाविक माणसे. त्यांच्या मनात त्या रुग्णाविषयी काही वाईट नव्हते. त्यांची पाठ तेवढी त्याच्याकडे होती.

पाठ वळविण्यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. एका लेखनिकाचेच उदाहरण घेऊ. परीक्षेच्या दिवसांत लेखनिक मिळविणे ही अंध वा हाताने अधू असलेल्या विद्यार्थ्याची मोठी विवंचना असते. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर तो त्याच्याहून शिक्षणाने एक पायरी खाली असावा, असे २०१८ च्या सूचनांत म्हटले होते. म्हणजे त्या सूचनांनुसार बारावीच्या विद्यार्थ्याला अकरावीचा मुलगा चालत असे. असे मुलगे-मुली आपल्या युवक संघटनेत किती तरी आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने अशा वीस जणांची यादी करून जवळच्या महाविद्यालयांना कळविली, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्याचे वर्ष वाया जाण्याचे टळेल. धर्मग्रामाचे पत्रक युनिकोडमध्ये टंकावे. सभागृहाच्या तळमजल्यावर अभ्यासिकेसाठी एक खोली द्यावी. आणि आपल्यापैकी जे महाविद्यालयांच्या व्यवस्थापन मंडळांवर आहेत त्यांनी पुढील बैठकीत एवढेच विचारावे की शंभरांतील त्या पाच जागांपैकी यंदा किती भरल्या, आणि ज्या भरल्या नाहीत त्या का भरल्या नाहीत.

यांत दया कोठे आली? ती आलीच तर तिचे स्वागत आहे; दयेवाचून न्याय कोरडा होतो हे आपल्या धर्माने आपल्याला शिकविलेच आहे. परंतु अकरावीतील एक मुलगी तीन-चार तास शेजारी बसून दुसऱ्याच्या शब्दाला शब्द लावून लिहिते, आपल्या पदरचे एक अक्षरही त्यात घालीत नाही, आणि बाहेर आल्यावर पेपर कसा गेला असे त्यालाच विचारते, तेव्हा ती भिक्षा वाढीत नसते. जे त्याचे होते ते त्याच्या हाती पोहोचविण्याचे काम तिने केलेले असते. पुढील वर्षी गुणवंतांच्या सत्काराच्या वेळी त्या दोघांनाही एकत्र पुढे बोलावण्यास हरकत नसावी.